तारवाच्या शेपटीचा दिवा

"पिक्चर कसा होता?" असं आमच्या आईला कुणी विचारलं, मग तो कुठलाही पिक्चर असो, तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मेल्यांनी दिवा विझवला, नि वर दात काढले." जन्मात तिने थेटरात एकच पिक्चर बघितला. तोही इंग्रजी, तोही आकाशात फिरणाऱ्या एका तारवाचा, म्हणजे जहाजाचा. आणि त्या एका पिक्चरवरून तिने घरातल्या एका बाईचं उभं आयुष्य ठरवून टाकलं. हे मी आईला नावं ठेवायला लिहीत नाही. आईला नावं ठेवायला मी म्हातारपणाची वाट बघितली नाही, ती जिवंत असतानाच तोंडावर ठेवून झाली आहेत, आणि तिनेही मला सोडलं नाही. पण आता साठी आली, अंगणवाडीची नोकरी संपली, तलासरीच्या या घरात दुपारी पंखा फिरतो नि मी रिकामी बसते, तेव्हा रानशेतचं ते घर डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून लिहिते.

घर म्हणजे काय, कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेली ओटी. घरात आई, बाबा, मी, माझा मोठा भाऊ मधूदादा आणि त्याची बायको यमुना वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. मला वन्स म्हणायची आणि लगेच तोंडावर हात ठेवून हसायची, कारण वन्स म्हणावं असा काही माझा रुबाब नव्हता, नाकातला शेंबूड नुकताच गेला होता. सकाळी मला जाग यायची ती तिच्या जात्याच्या आवाजाने. नाचणीचं पीठ पडताना एक ओलसर, गोडूस वास यायचा. मग चुलीवर भाकरी, तव्यावर लसूण-मिरचीबरोबर परतलेलं सुकट, आणि त्या वासाने दाराशी येऊन बसलेलं मांजर. बाबा भाकरी मोडताना कधी बोलायचे नाहीत. ते एरवीही फारसे बोलायचे नाहीत. बोलायचं काम आईने घेतलं होतं आणि थापा मारायचं काम दादाने.

दादा आश्रमशाळेत शिकलेला, पाड्यावर सगळ्यांत जास्त इंग्रजी त्यालाच येतं असा सगळ्यांचा समज होता. तो समज त्यानेच पसरवला होता. रानशेतच्या नाक्यावर शांतिभाईंचं किराणा दुकान होतं. शांतिभाईंनी टीव्ही आणला आणि तांदळाच्या गोणींवर असा ठेवला की रस्त्यावरूनही दिसावा. रविवारी सकाळी आख्खा पाडा दुकानासमोर बसायचा. "बेसो, बेसो, पण मारा डब्बाने अडू नका," असं शांतिभाई ओरडायचे, आणि लोक त्यांच्या डब्यांना टेकूनच बसायचे. त्या वेळी एक इंग्रजी मालिका लागायची. तिचं खरं नाव आम्हाला कुणालाच वाचता आलं नाही. आम्ही तिला 'तारू' म्हणायचो. वाट चुकलेलं एक तारू ताऱ्यांमधून फिरतंय, दर आठवड्याला नव्या मुलखाला लागतंय, पण घर काही सापडत नाही. तारवावर एक दाढीवाला कप्तान, एक उंच बाई, आणि एक इंजिनवाला. इंजिनवाला हसरा, हात कायम काळे. तो आमचा सगळ्यांचा लाडका.

ते काय बोलतात ते दादा सांगायचा. टीव्हीपुढे उभा राहून, पाठ टीव्हीकडे आणि तोंड आमच्याकडे. "कप्तान म्हणतो, आज खायला काय नाय. बाई म्हणते, कालचं आंबिल हाय." लोक माना डोलवायचे. मला तेव्हाही शंका यायची की त्या गोऱ्या बाईकडे आंबिल कुठून आलं, पण दादाचं सांगणं मालिकेपेक्षा छान होतं, मग शंका कोण विचारतो. तारवाच्या मागच्या टोकाला एक तांबडा दिवा होता, सतत उघडमीट करणारा. सोनूकाका म्हणून आमचे शेजारी होते, प्रत्येक गोष्टीला कारण मागणारे. त्यांनी एकदा विचारलं, "मधू, तो शेपटीला दिवा कशाला रे?" दादाने क्षणभर मागे वळून टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "तो मागं राहिलेल्यासाठी काका. कुणी चुकला-हुकला, तर दिवा बघत बघत येईल. दिवा हाय तोवर तारू त्याची वाट बघतंय."  आईने पदराने डोळे पुसल्याचं मला आठवतं. मी एवढंच म्हणते, की ते वाक्य दादाचं होतं.

मालिकेच्या शेवटच्या भागात इंजिनवाला कमरेला दोर बांधून तारवाच्या बाहेर गेला. काहीतरी दुरुस्त करत होता. दोर सुटला. तो अंधारात लांब लांब जाऊ लागला, आणि तिथेच मालिका थांबली. पुढच्या रविवारी आम्ही बसलो, तर टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम. "आमची शेती आम्हाला काय शिकवतो," म्हणून सोनूकाका उठून गेले. इंजिनवाल्याचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. शांतिभाईंना लोकांनी इतकं छळलं, जणू त्यांनीच दोर कापला होता.

त्याच साली भात झोडून झाल्यावर दादा बोटीवर गेला. आमच्याकडची माणसं जातात तशी, सौराष्ट्रच्या बंदरावर, खलाशी म्हणून. समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, पण आम्ही भातशेतीवाले, आम्हाला समुद्र बाजारातल्या सुक्या बोंबलांइतकाच माहीत. जाताना वहिनीने त्याला भाकऱ्या बांधून दिल्या आणि चटणी. तो मला म्हणाला, "तारू परत लागलं तर नीट बघून ठेव, मला सांगायला लागेल." त्यानंतर होळीच्या आधी बातमी आली की त्याची बोट परत आलेली नाही. कुणी म्हणे वाऱ्यात गेली, कुणी म्हणे पलीकडच्या देशाने पकडून नेली. पकडलेले लोक कधी कधी काही वर्षांनी सुटून येत, दाढ्या वाढलेले, सावकाश बोलणारे. तसं कुणी आलं की बाबा फोटो घेऊन त्याच्या गावी जायचे, सायवनला, धाकट्या डहाणूला, कुठे कुठे. कुणीच दादाला बघितलेलं नव्हतं. सरकारी ऑफिसातही कुणी तो मेला म्हणेना आणि आहे म्हणेना.

आईने ओटीच्या वाशाला कंदील टांगला. वीज तेव्हा नाक्यापर्यंतच आली होती, पाड्यावर नव्हती, घरात एक चिमणी आणि तो एक कंदील. तो आता रोज बाहेर जळू लागला, आणि आम्ही आत चिमणीच्या उजेडात जेवू लागलो. कंदील टांगायचा तो आईनेच. तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता. पण संध्याकाळ व्हायच्या आत काच काढून, चुलीतली राख घेऊन, जुन्या धोतराच्या फडक्याने ती पुसायची, वात कापायची, रॉकेल भरायचं, हे काम वहिनीचं. काच तडकू नये म्हणून ती फार हळू पुसायची, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. मग आईच्या हातात द्यायची. आई पाटावर चढून टांगायची आणि वाटेकडे बघत राहायची. वहिनी तिच्या मागे उभी असायची, हाताला राख तशीच.

काही वर्षं अशी गेली. वहिनीला मूल नव्हतं. मग तिचे वडील आले, तलासरीकडून. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ कंदिलाकडेच बघत राहिले. मग त्यांनी बाबांना सांगितलं, की तिकडे एक चांगला माणूस आहे, बायको गेलेली, शेती आहे, यमुनेशी पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, तयार आहे. आमच्यात पाट लागतो, त्यात काही वावगं नाही. पण पहिल्या नवऱ्याचे दिवस घातल्याशिवाय लागत नाही, आणि ते घालायचे सासरच्यांनी. माणूस सापडलाच नाही, तर भाताच्या पेंढ्याचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ, अंगात त्याचा सदरा, आणि त्याला अग्नी देतात. मग बाई मोकळी. आई आधी त्यांच्या अंगावर धावून गेली, दोन दिवस जेवली नाही, वहिनीशी बोलली नाही. मग एका सकाळी जात्यापाशी येऊन बसली आणि वहिनीच्या खुंट्यावरच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझं वय माझ्यामुळं कशाला जाळू, बाय." येत्या अमावास्येला करायचं ठरलं.

त्या दिवसांतली वहिनी मला फार आठवते. ती आनंदात होती असं म्हणवत नाही, रात्र रात्र रडायचीही. पण तिने केसांना तेल लावायला सुरुवात केली. भाकरी मोजून खायची ती आता आणखी अर्धी घेऊ लागली. एकदा आम्ही दोघी लांबच्या विहिरीवरून हंडे घेऊन चढण चढत होतो, आणि ती मधेच थांबून म्हणाली, "वन्स, तिकडं विहीर दारातच हाय म्हणे." एवढंच म्हणाली आणि लाजून पुढे चालू लागली. त्या माणसाचं नाव तिने कधी विचारलं नाही, तो दिसायला कसा आहे तेही नाही. विहीर दारात आहे, हे मात्र तिने कुणाकडून तरी काढून घेतलं होतं. आईने पेंढा निवडून बाजूला बांधून ठेवला, दादाचा निळा सदरा धुतला, आणि एक मोठा नारळ फडताळात ठेवला. त्या नारळाला कुणी हात लावायचा नव्हता.

आणि नेमका त्याच आठवड्यात डहाणूच्या टॉकीजला 'तारू' लागला. शांतिभाई बाजारातून आले ते ओरडतच, "अरे, पेलो तमारो इंजिनवालो! एनी पिक्चर आवी!" टीव्हीवरच्या मालिकेचा कुणीतरी पिक्चर केला होता, तेच तारू, तोच कप्तान, भिंतीवर एवढं मोठं चित्र. पाड्यावर जणू लग्न निघालं. इंजिनवाल्याचं काय झालं ते आता कळणार! शांतिभाईंनी टेम्पो काढला. आईला यायचं नव्हतं, पण सोनूकाका म्हणाले, "चला वैनी, मधूला आवडायचं, त्याच्या वाटचं बघून येऊ." म्हणून ती आली. वहिनीलाही घेतलं. टॉकीजात दुपारचा खेळ, खुर्च्यांना ढेकूण, समुद्राकडून येणारा खारट दमटपणा आणि पंख्याचा खडखडाट. मी मधे बसले, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वहिनी.

पिक्चर सुरू झाला. सुरुवातीला कप्तान एकटाच काहीतरी बोलला, बराच वेळ. सांगायला दादा नव्हता. लोकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मला एक अक्षर कळलं नव्हतं. मग सगळे इंजिनवाल्याची वाट बघू लागले. तो आलाच नाही. उंच बाई आली, तारू आलं, नवे नवे मुलूख आले, आग लागली, विझली, पण इंजिनवाला कुठेच नाही. तारवाच्या शेपटीचा दिवा तेवढा तसाच उघडमीट करत होता, आता मोठ्या पडद्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा. "बग, अजून वाट बगतायत," आई माझ्या कानात म्हणाली. तिने माझा हात धरला होता. शेवटी कप्तान उठला, एका खटक्यापाशी गेला, सगळ्यांकडे बघितलं, आणि खटक्यावर बोट ठेवलं.

आई उभी राहिली. "विझवू नको रे!" ती ओरडली. "अरं, तो बाहेर हाय, विझवू नको!" मागून लोक हसले, कुणी शिट्टी मारली, कुणी "खाली बैठो" म्हणालं. कप्तानाने खटका दाबला. दिवा विझला. आणि तारवावरची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसू लागली, नाचू लागली, आणि तारू झपकन निघालं. आई उभीच होती. तिला धरून बसवताना माझ्या दुसऱ्या बाजूला मला एक आवाज ऐकू आला. वहिनीने श्वास सोडला होता. हंडा डोक्यावरून उतरवल्यावर बाई सोडते, तसा. मी वळून बघितलं तर ती पडद्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर उजेड होता.

परतीच्या टेम्पोत जी मतं निघाली, ती आठवली की अजून हसू येतं. सोनूकाका म्हणाले, कप्तानाने बरोबर केलं, एकासाठी सगळ्यांनी किती दिवस अडकून राहायचं. त्यांची बायको म्हणाली, तुम्ही बाहेर गेलात तर मी चूल पेटायच्या आत विझवीन, मग बघा. शांतिभाई म्हणाले, टीव्हीवाली छान होती, पिक्चरमधे नुसता धूमधडाका, इंजिनवाल्याचे पैसे परवडले नसतील म्हणून काढला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "खुर्ची बरी होती." मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे शेवटी इंजिनवाला मेलाच म्हणायचा. आणि इथे आई बोलली. ती टेम्पोच्या फळीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. "टीव्ही कुणाचा?" तिने विचारलं. "सरकारचा. टीव्हीनं सांगितलं का तो मेला? नाय सांगितलं. पिक्चर कुणाचा? कुणा शेठचा. शेठ काय वाटेल ते दाखवील. सरकारनं सांगितल्याशिवाय माणूस मरत नाय."  आज कुणाला हे वेडगळ वाटेल. पण ज्यांनी वर्षानुवर्षं सरकारी ऑफिसाच्या दारात फोटो घेऊन उभं राहून काढली, त्यांना त्यात वेडगळ काही वाटलं नाही. सोनूकाकांनी सुद्धा मान डोलावली. टेम्पोत प्रत्येकाने मत दिलं, ड्रायव्हरने दिलं, पिक्चर न बघितलेल्यांनी नाक्यावर दिलं. वहिनीला कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर आई सरळ फडताळापाशी गेली. तो नारळ काढला, दारातल्या दगडावर फोडला आणि खोबरं वहिनीपुढे ठेवून म्हणाली, "वाट. आज सुकटाच्या कालवणात घाल." वहिनी बघत राहिली. आई म्हणाली, "मी नाय त्या कप्तानासारखी. मी दिवा विझवून हसायची नाय." वहिनीने पाटा ओढला. वरवंट्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, थांबत थांबत. कालवण फार चांगलं झालं होतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं, तिनेही खाल्लं. पेंढा बैलांना गेला, सदरा ट्रंकेत. अमावास्येला तिचे वडील आले, ओटीवर बसले, पाणी प्यायले. आई म्हणाली, "माझा मुलगा जिता हाय." गळ्यात मंगळसूत्र असलेली लेक ते कुठल्या तोंडाने नेणार होते? वहिनी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेली आणि संध्याकाळच्या आत परत आली, कारण काच पुसायची होती.

आईवर मी चिडले, भांडले, एकदा तिचा कंदील लाथाडायलाही निघाले, तर वहिनीनेच मला धरलं. पण आज माझी मुलं परगावी असतात, आणि फोन लागला नाही तर मी पुन्हा पुन्हा लावत बसते, तेव्हा आईचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही. तिचं चुकलं, एवढं मात्र खरं. माझं लग्न झालं, मी तलासरीला आले. ज्या माणसाशी वहिनीचा पाट लागायचा होता त्याचं घर माझ्या वाटेवर लागतं. दारात विहीर आहे, काठ चांगला बांधलेला. बाबा गेले. आई गेली, आणि जाताना वहिनीचा हात धरून "कंदील" एवढंच म्हणाली. पाड्यावर वीज आली, ओटीवर बल्ब आला, तरी कंदील राहिला. मी म्हटलं, "वहिनी, आता तरी ये माझ्याकडे, राहा." ती म्हणायची, "येईन गो." यायची, सकाळी यायची, जेवायची, आणि दुपारची बस पकडून जायची. संध्याकाळच्या आत तिला रानशेतला पोचायचं असायचं. का ते मी कधी विचारलं नाही, मला माहीत होतं.

परवा ती आली तेव्हा माझी मुलगी अश्विनी सुट्टीवर होती. तिला मी लहानपणापासून 'तारू'ची गोष्ट सांगत आले आहे. ती म्हणाली, "आई, तो पिक्चर शोधला मी. हिंदीत आहे आता. जुना नावाजलेला आहे, लोक अजून बघतात." भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तिने तो लावला. आम्ही दोघी म्हाताऱ्या चहाचे कप घेऊन बसलो. सुरुवातीला कप्तान एकटाच बोलला, तेच लांबलचक, आणि या वेळी आम्हाला ते कळलं. तो म्हणाला, की आमचा जो साथी दोर सुटून वाहून गेला होता, त्याला दुसऱ्या एका जहाजाने उचललं, तो आमच्या कितीतरी आधी घरी पोचला, आणि आता त्याच्या अंगणात झाडं लावतो. वहिनीने कप खाली ठेवला. पुढे बाईने विचारलं, तो तांबडा दिवा कधी बंद होणार? आणि कप्तान म्हणाला, इंजिनात बिघाड आहे तोवर तो जळणार, दुसऱ्या जहाजांना कळायला हवं की आमच्या जवळ येऊ नका.

मागे राहिलेल्यासाठी नव्हताच तो. शेवटी बिघाड निघाला, दिवा बंद झाला, तारू घराकडे निघालं. माणसं हसली, कारण हसण्यासारखंच झालं होतं. अश्विनी फोनवर लोकांची मतं वाचून दाखवू लागली. जगभरच्या लोकांनी लिहिलेली, ढीगभर. कुणी म्हणतं मालिका जास्त चांगली, पिक्चरमधे तिचा जीव हरवला. कुणी म्हणतं इंजिनवाला नाही म्हणजे पिक्चरच नाही. पण बहुतेकांनी लिहिलं होतं त्या दिव्याबद्दल. परीक्षेत नापास झालो की तो प्रसंग बघतो. आईच्या आजारपणात रोज बघायचे. दिवा विझतो ना, तेव्हा वाटतं सगळं ठीक होणार. सगळ्या जगाला तो प्रसंग आनंदाचा वाटत होता. एक आमचा टेम्पो सोडून. 

वहिनी आधी बोलली. "म्हणजे तो पोचला होता," ती म्हणाली. मग कप उचलून, "आत्याबाईंना कळायला हवं होतं गो. किती बरं वाटलं असतं त्यांना."  मग ती एकदम हसली, तोंडावर हात ठेवून, पहिल्यासारखी. "आणि तुझा दादा! मेला थापाड्या! मागं राहिलेल्यासाठी म्हणे!" हसता हसता पदर डोळ्यांना गेला आणि तो तिथेच राहिला. अश्विनी उठून तिच्याजवळ बसली. तिला वाटलं, काहीतरी विषय बदलावा. म्हणून तिने विचारलं, "मामी, पण तुम्हाला कसा वाटला पिक्चर?"

"मला?" वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं, जणू कुणी दुसरीलाच विचारलं असावं. मग नीट विचार केला. "चांगला हाय," ती म्हणाली. "पण एवढा मोठा दिवा त्यांचा. त्याची काच रोज कोण पुसत होतं, ते नाय दाखवलं."

अश्विनी हसली. मी उठून आत गेले, नळ सोडला आणि मग रडले. त्या गडबडीत दुपारची बस गेली. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी धास्तावले, पण वहिनीच म्हणाली, "जाऊ दे वन्स. आज राहते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी तिच्या आवडीचं सगळं करायला घेतलं, सुकट काढलं, तांदळाचं पीठ मळलं. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती, इकडचं तिकडचं बोलत होती. बाहेर उजेड पिवळा झाला, शेजारच्यांनी दिवे लावले. ती बोलता बोलता थांबली. उठली, हात झटकले, आणि ओट्याखाली वाकून काहीतरी शोधू लागली.

"काय पाहिजे वहिनी?"

"राख कुठं ठेवतेस गो?" ती म्हणाली.

माझ्या घरी गॅस आहे. मी तिला राख कुठून देऊ?